प्रीमियर ऑटोमोबाईल्स

प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड (पीएएल) : वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली मुंबईची मोटार कंपनी. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, प्लिमथ गाड्यांची जुळणी होई. पुढे फियाटच्या परवान्यावर ११०० हे मॉडेल बनू लागले. तेच १९७४ पासून ‘पद्मिनी’. स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, पुढे सलग बाक आणि टॅक्सी असेल तर डाव्या बाजूला बाहेर बसवलेले लोखंडी मीटर : मुंबईकराला ही गाडी डोळे मिटूनही ओळखता येई.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि पद्मिनीचे वय उघडे पडले. तोवर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणारा गिऱ्हाईक आता निवड करू लागला. पीएएलने १९८५ मध्ये ११८ एनई आणली. एनई म्हणजे निस्सान इंजिन. इंजिन खरोखर चांगले होते. पण सांगाडा १९६६ च्या फियाट १२४ चा, म्हणजे एकोणीस वर्षांचा. कंपनीच्या पुढच्या बहुतेक आशांची जातकुळी इथेच दिसते : नवे म्हणून जे आणले, ते दुसरीकडे जुने झालेले होते.

उदारीकरणानंतर प्यूजोशी भागीदारी झाली आणि १९९४ पासून कल्याणच्या कारखान्यात ३०९ बनू लागली. युरोपात या मॉडेलचे दिवस तेव्हा संपले होते. कामगारांशी तंटा, भागीदारांत बेबनाव. १९९७ मध्ये प्यूजो निघून गेली. त्याच सुमारास फियाटबरोबर आणलेल्या उनोने सर्वांत मोठी आशा दाखवली. लोकांनी आगाऊ पैसे भरून रांगा लावल्या, पण कुर्ल्यातील संपाने गाड्या वेळेवर बाहेर पडल्या नाहीत. मागणी दारात उभी असताना माल देता न येणे, हा या कंपनीच्या इतिहासातला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग आहे. पुढे कुर्ल्याचा कारखाना फियाटकडे गेला आणि पद्मिनीचे उत्पादन थांबले.

यंत्रे बनवून तगलेल्या प्रीमियरने २००९ मध्ये चिंचवडहून ‘रिओ’ ही छोटी एसयूव्ही काढली. तिचा आराखडा दाइहात्सू टेरिओसवरून आलेला, तर डिझेल इंजिन प्यूजोचे, ३०९ मध्ये बसवलेलेच. विक्री तुरळक राहिली.

मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली.