खिडकीची सावली

वर्धा जिल्ह्यात खिडकीला दोन कामं असतात. दिवसा ऊन अडवायचं आणि रात्री वारा घ्यायचा. नागपूर-हैदराबाद महामार्गावरून चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, त्या जामला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तिथे घर बांधणाऱ्याने खिडकी निवडताना आधी हे हिशेबात धरायला हवं.

या भागातल्या जुन्या मातीच्या घरांनी ते धरलं होतं. खिडकी लहान, जाड भिंतीत आत बसवलेली, म्हणजे भिंतीचीच सावली तिच्यावर पडायची. फळ्या लाकडी. ऊन तापायच्या आत त्या लावायच्या आणि दिवेलागणीनंतर सताड उघडायच्या. वरून कवेलूंचं छप्पर भिंतीच्या पुढे झुकलेलं.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. ते गाव पुढे सेवाग्राम झालं. तिथल्या कुट्या याच रीतीच्या आहेत: मातीच्या भिंती, कवेलू, खाली उतरलेली पडवी, बांबूच्या झडपा. १९७८ साली सेवाग्रामला आलेले विचारवंत इव्हान इलिच बापूकुटीत बसून राहिले आणि तिच्या साधेपणावर बोलले. आपण त्या कुटीला नमस्कार करतो, पण तिची पडवी पाहून घराचा नकाशा काढत नाही.

कारण मधल्या काळात काच आली. तिने उजेड दिला, धूळ अडवली, घराला शहरी रूप दिलं. पण साध्या एकेरी काचेतून उन्हाची बहुतेक उष्णता आत येते. आतून पडदा लावला तरी ती तोवर घरात शिरलेली असते. ॲल्युमिनियमची चौकट लाकडाच्या सुमारे हजारपट उष्णता वाहते. सरकत्या दोन पाटांच्या खिडकीचा एका वेळी निम्माच भाग उघडतो. इथल्या घरोघरच्या कूलरला तर आतली दमट हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी लागते. ती बंद ठेवली की कूलर फक्त घाम आणतो.

२०१८ साली केंद्र सरकारने घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. भिंती आणि खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिने दर चौरस मीटरला १५ वॅट ठरवली. खिडकी किती मोठी, यासोबत तिचा किती भाग उघडतो आणि तिच्यावर सावली किती, हेही ती मोजते. छोट्या घरांना ती सहसा लागू होत नाही, पण तिचा हिशेब त्यांनाही उपयोगी आहे.

दुहेरी काच उत्तमच. एकेरीपेक्षा तिच्यातून सुमारे निम्मी उष्णता वाहते, पण थेट उन्हापुढे तीही अपुरी पडते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी बाहेरचा छज्जा करावा, मग पूर्ण उघडणारी पल्ल्यांची खिडकी घ्यावी आणि काचेचा विचार त्यानंतर. छज्जा दक्षिणेचं वरचं ऊन अडवतो, पण पश्चिमेचं तिरपं ऊन त्याच्या खालून येतं. त्या बाजूला खिडकी लहान ठेवावी आणि बाहेरून झडप किंवा बांबूची ताटी लावावी. महामार्गाकडे तोंड करून मोठी काच लावायची हौस असेल, तर ती बाजू पश्चिमेची नाही ना, एवढं आधी पाहावं. चुकलेल्या दिशेची किंमत दर उन्हाळ्यात विजेच्या बिलावर छापून येते.