दुर्बिणीचे पाय

एप्रिल १६१० मध्ये गॅलिलिओ इटलीतल्या बोलोन्या शहरी माजिनी या गणिताच्या प्राध्यापकांकडे आला होता. गुरूभोवती फिरणारे चार चंद्र त्याने जानेवारीत पाहिले होते, मार्चमध्ये त्यावर पुस्तकही छापले होते. आता ते इतरांना दाखवायचे होते. २४ आणि २५ एप्रिल अशा दोन रात्री विद्वान मंडळींनी दुर्बिणीला डोळा लावला. माजिनींकडे राहणाऱ्या हॉर्की नावाच्या तरुणाने नंतर केप्लरला पत्राने कळवले, की हे यंत्र जमिनीवर उत्तम काम करते, पण आकाशात फसवते.

गॅलिलिओ खोटे बोलत नव्हता. त्याची दुर्बीण वस्तू सुमारे वीसपट मोठी दाखवी. पण एका वेळी आकाशाचा इतका लहान तुकडा दिसे, की पौर्णिमेचा चंद्रही त्यात पुरता मावत नसे. एवढ्याशा खिडकीत ग्रह पकडायचा आणि धरून ठेवायचा, हे सवयीचे काम होते. यातली एक अडचण गॅलिलिओने आधीच ओळखली होती. ७ जानेवारी १६१० च्या पत्रात त्याने लिहिले होते, की नळी हातात न धरता पक्क्या जागी बसवावी. नाडीच्या ठोक्यांनी आणि श्वासोच्छ्वासानेही हात हलतो.

हा सल्ला आम्हाला आठवला तो एका शाळेच्या आकाशदर्शनात. दुर्बीण चांगली होती, पण ती अ‍ॅल्युमिनियमच्या काटकुळ्या तिपाईवर उभी होती. मुलांची रांग लागली होती. प्रत्येक मूल डोळा लावताना नेत्रिकेला जरासा धक्का देई आणि शनी थरथरत दृष्टीआड होई. तरीही मुले 'दिसला, दिसला' म्हणत पुढे सरकत होती. एका मुलीला आम्ही विचारले, "कसा होता?" ती गप्प राहिली. तिला काहीच दिसले नव्हते. आधीचे सगळे 'दिसला' म्हणाले, म्हणून तीही म्हणाली. निरीक्षण शिकवायला निघालेल्या आम्ही त्या रात्री भलतेच काही शिकवले होते.

दोष कुठे होता ते साध्या गणिताने कळते. एक मीटर लांबीच्या नळीचे एक टोक फक्त एक मिलिमीटर हलले, तर तिची दिशा सुमारे २०६ विकलांनी बदलते. गुरूचे बिंब साधारण ४० विकलांचे. म्हणजे मिलिमीटरभर हालचालीने गुरू स्वतःच्या व्यासाच्या पाचपट सरकतो. दुर्बीण जितकी पट वस्तू मोठी करते, तितकीच पट ही थरथरही मोठी करते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'इतके पट' हा आकडा वाचताना हे आपल्या लक्षात येत नाही.

मग तिपाई जाडजूड, वजनदार घ्यावी का? ती शाळेच्या कपाटातून मैदानावर कोण आणणार? प्रवासी निरीक्षकांपुढे हाच पेच होता. शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी कुक आणि ग्रीन १७६९ मध्ये ताहिती बेटावर गेले. त्यांच्याजवळ जेम्स शॉर्टने बनवलेल्या, दोन फूट नाभीय अंतराच्या आरशाच्या दुर्बिणी होत्या. ताऱ्यांची उंची मोजण्याचे एक फूट त्रिज्येचे यंत्रही होते. त्या यंत्राखालचा भक्कम चौथरा त्यांनी इंग्लंडहून वाहून आणला नाही. एक मोठे पिंप जमिनीत पक्के रोवले, त्यात ओली, जड वाळू ठासून भरली आणि यंत्र त्याच्या माथ्यावर ठेवले.

आपल्याकडचेही एक उदाहरण आहे. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून दिसणार होते. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले प्रा. नायगमवाला तिथे गेले होते आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेलही आले होते. कॅम्पबेल यांचा कॅमेरा ४० फूट, म्हणजे सुमारे १२ मीटर लांब होता. एवढी धातूची नळी समुद्रापार आणणे कठीणच. या कॅमेऱ्याची नळी कापडी असे. भिंगाचा आधार वेगळा आणि नळीचा आधार वेगळा. नळीला वारा लागला तरी भिंग हलू नये, हा त्यामागचा विचार. आधार उभारायचा तो मुक्कामाच्या ठिकाणी.

दोन्ही ठिकाणी युक्ती एकच आहे. प्रवासात यंत्र हलके ठेवायचे आणि स्थैर्यासाठी लागणारे वजन जागेवरच्या जमिनीकडून घ्यायचे.

शाळेच्या तिपाईलाही हे लागू पडते. पाय तीनच हवेत, कारण तीन टेकू उंचसखल जमिनीवरही डगमगत नाहीत. तीन दगडांच्या चुलीवरचे पातेले पाहा. पाय पूर्ण फाकवावेत आणि शक्य तितके आखूड ठेवावेत. एका टोकाला घट्ट धरलेल्या दांड्याची लांबी निम्मी केली, तर तेवढ्याच जोराने तो आठपट कमी वाकतो. म्हणून मुलांना बसून पाहू द्यावे. मधला खांब वर काढू नये. लाकडी पायांत थरथर लवकर विरते. तिपाईच्या मध्यावर दगडांनी भरलेली पिशवी बांधावी, मात्र ती झुलू देऊ नये. गच्चीपेक्षा मैदान बरे, कारण गच्चीवर चालणाऱ्यांची पावले स्लॅबमधून दुर्बिणीपर्यंत पोचतात. वरची बैठक आडवी आणि उभी फिरणारी साधीच घ्यावी. पृथ्वीच्या अक्षाशी जुळवायच्या बैठकीला बहुधा वेगळे प्रतिवजन लागते आणि ओझे वाढते.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच एक परीक्षा करावी. दुर्बीण तिपाईवर चढवून लांबच्या खांबावर रोखावी, नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि सेकंद मोजावेत. चित्र एक-दोन सेकंदांत स्थिरावले तर उत्तम. पाच-सहा सेकंद थरथरत राहिले, तर ती तिपाई घेऊ नये.

हे सगळे केल्यावरही एखाद्या मुलाला शनी दिसणार नाही. तेव्हा बोलोन्याची मंडळी आठवावीत. गॅलिलिओसारखा माणूस शेजारी उभा असतानाही, जे दिसले नाही ते दिसले असे त्यांनी म्हटले नाही. 'सर, मला नाही दिसला' असे म्हणणाऱ्या मुलाला रांगेतून पुढे ढकलू नये. पिशवीत आणखी दोन दगड घालावेत, चित्र स्थिर होऊ द्यावे आणि त्याला पुन्हा पाहायला सांगावे.