पंचहौदचे चर्च : चहापलीकडे

पंचहौद म्हटले की मराठी वाचकाला चहा आठवतो. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले आणि मागोमाग चहा-बिस्किटे आली. टिळक, रानडे, गोखले यांच्यासह शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी हजर होती. कोणी चहा घेतला, कोणी पेल्याला नुसता हात लावला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी नावांची यादी ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे तीनच वर्षांनी टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले, म्हणून उत्सवाच्या दिवसांत ही गोष्ट हमखास निघते. ज्यांच्या घरी तो चहा झाला, त्यांच्याबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

पुण्यात इंग्रजांची चर्च होती ती कॅम्पात. तिथले सेंट मेरीज १८२५ मध्ये बिशप हेबर यांच्या हस्ते अर्पण झाले, ते पलटणी आणि साहेबांच्या कुटुंबांसाठी. पंचहौदचे चर्च त्याच अँग्लिकन पंथाचे, म्हणजे अमेरिकेत ज्याला एपिस्कोपल म्हणतात त्याचे; पण ते उभे राहिले भर पेठेत, जुन्या वेताळ पेठेत (आजच्या गुरुवारात), पाण्याच्या पाच हौदांवरून नाव पडलेल्या जागी. ऑक्सफर्डजवळच्या काउलीचे व्रतस्थ पाद्री आणि १८७७ मध्ये आलेल्या वाँटेजच्या भगिनी यांनी इथे काम मांडले. शाळा, वसतिगृहे आणि १८८५ मध्ये ‘पवित्र नाम देवालय’. देवालय हा शब्द लक्षात घ्यावा. इथला जमाव मराठी होता आणि त्याची प्रार्थनाही मराठीत होती.

या मिशनशी जोडलेले सर्वांत मोठे नाव नीळकंठशास्त्री गोरे यांचे. जन्म १८२५, झाशीजवळ, वाढले काशीत. म्हणजे आपल्यासारखेच महाराष्ट्राबाहेरचे मराठी! मिशनऱ्यांचे खंडन करायला निघालेला हा शास्त्री वाद घालता घालताच पलटला आणि १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. काशीतला पंडित म्हणून असलेला मान, जात, घर, सगळे एका दिवसात सुटले. पुढे पंडिता रमाबाईंच्या शंकांना तोंड देणारेही हेच. रमाबाई वाँटेजच्या भगिनींच्या आधाराने १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या भगिनींशी धर्ममतांवर खडाजंगी करीतच राहिल्या, हे मला विशेष वाटते.

चहा घेणाऱ्यांना निदान प्रायश्चित्ताची वाट होती. टिळकांनी ते घेतले, रानड्यांनीही घेतले. रानड्यांच्या घरात त्यावरून झालेली घालमेल रमाबाई रानडे यांनी आपल्या आठवणींत नोंदवली आहे. एका पेल्यासाठी एवढे, तर ज्यांनी त्या देवालयात रोजचे जेवण-खाण, लग्नकार्य, मर्तिक सगळेच नेले त्यांचे काय झाले असेल? त्यांतली बहुतेक कुटुंबे शास्त्र्यापंडितांची नव्हती, साधी गरीब होती. त्यांची यादी कोणा वर्तमानपत्राने छापली नाही.

फादर एल्विन यांनी १९११ मध्ये या मिशनचा चौतीस वर्षांचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. शहराबाहेर असलेल्या एरंडवणे या तेव्हाच्या खेड्यातही त्यांनी काम नेले. तिथले सेंट क्रिस्पिन्स आज भर वस्तीत आले आहे. पवित्र नाम देवालयाला उंच मनोरा मिळाला, त्यात लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आठ घंटा बसल्या. अशा पूर्ण संचाच्या घंटा हिंदुस्थानात मोजक्याच ठिकाणी आहेत. नोव्हेंबर १९७० मध्ये अँग्लिकन मंडळी इतर पंथांबरोबर चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाली, आणि पेठेतले हे देवालय पुणे धर्मप्रांताचे कॅथेड्रल झाले.