उदगीर, पानिपत आणि खिशातले पान : पर्यायी इतिहासातील पुराव्याचा प्रश्न

पर्यायी विश्वाचा शोध घेणाऱ्या संशोधकाच्या हाती पाश्चात्त्य विज्ञानकथेने बहुधा एखादे संपर्कयंत्र दिले. मूठभर आकाराचे हे यंत्र दाबले की दुसऱ्या जगाशी बोलणे सुरू होते. डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाच्या प्राध्यापकाजवळ असे काहीही नाही. मराठे पानिपत जिंकले आहेत अशा जगात ते जाऊन पोहोचतात. परततात तेव्हा त्यांच्या खिशात भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटके पान असते. विश्वासरावांना लागलेली गोळी त्या पानात चुकलेली आहे. दोन जगांमधला दुवा म्हणून एवढाच कागद उरतो.

कथा म्हणून ही योजना अत्यंत समर्पक आहे. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्या पानाची परीक्षा करणे अगत्याचे ठरते. बखर ही प्रसंगानंतर रचलेली, वर्णनाची हौस असलेली रचना होय. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, तो पानिपतपूर्व दशकातील अस्सल पत्रांचा, बखरींपेक्षा समकालीन पत्रांस अधिक मोल, हा त्यांचा आग्रह सर्वश्रुत आहे. गंगाधरपंतांच्या खिशात बखरीऐवजी पत्र असते, तर पुरावा अधिक भक्कम झाला असता. (अर्थात कथेची गंमत गेली असती!)

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. इतिहासाला फाटा नेमका कोठे फुटला? कथेत तो १४ जानेवारी १७६१ रोजी, एका गोळीपाशी फुटतो. परंतु पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या भूमीवर त्याआधीच एक फाटा दिसतो. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीर-औसा परिसरात निजामाच्या सैन्यास कोंडून नमविले. दौलताबाद, विजापूर, बऱ्हाणपूर आदी प्रदेश तहात मिळाले. इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावरील विश्वास या विजयाने दुणावला. त्याच सुमारास बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची (१० जानेवारी १७६०) वार्ता दक्षिणेत आली. पुढे परतूर येथे उत्तरेच्या मोहिमेचे नेतृत्व भाऊंकडे देण्याचा निर्णय झाला. उत्तरेच्या राजकारणाचा अनुभव नसलेल्या सेनानीस ही जबाबदारी मिळण्यामागे उदगीरचे यश होते, असे म्हणणे अवास्तव नाही. उदगीर अनिर्णित राहिले असते तर? मग गोळी चुकण्याचा वा लागण्याचा प्रश्नच कदाचित उद्भवला नसता. रसद, यमुनेपलीकडील शत्रू, सोबतचे यात्रेकरू ही कारणे तर वेगळीच. त्यांचा निकाल एका पानावर लागत नाही.

योगायोगाचा उल्लेख करावयाचा तर, जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबाद येथे भरले आणि त्यानंतरच्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. उदगीर व औसा मात्र १९८२ साली लातूर जिल्ह्याच्या निर्मितीबरोबर तिकडे गेले. त्यामुळे १७६० च्या या रणभूमीचा स्थानिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यास आज दोन जिल्ह्यांचे दप्तर चाळावे लागते.