सपरी गेली, वाट चुकली

यवतमाळ जिल्ह्यातल्या मातीच्या, कवेलूच्या घरात म्हाताऱ्या माणसाची जागा ठरलेली असे : सपरीतली, म्हणजे ओसरीतली, बाज. बाजेवरून रस्ता आणि बैल दिसत, मान वळवली की माजघर आणि पलीकडे चूल. कंदील त्याच खुंटीला, पाण्याची गुंडी त्याच कोपऱ्यात. ही मांडणी वर्षानुवर्षे हलत नसे. विसर पडू लागला की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून लोक मोकळे होत, पण म्हाताऱ्याचे पाय न चुकता गुंडीकडे वळत.

अशा विसरामागच्या एका आजाराची नोंद झाली ती जर्मनीत. 1901 मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही 51 वर्षांची बाई दाखल झाली. तिच्या मृत्यूनंतर, 1906 मध्ये, डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मेंदूतले बदल जगापुढे मांडले. अशा माणसाला घर कसे हवे, याचा विचार मात्र फार उशिरा झाला. लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना एकसारखी दारे, हीच रुग्णालयांची रीत होती. 1974 मध्ये फिलाडेल्फियात मानसशास्त्रज्ञ पॉवेल लॉटन यांच्या विचारातून उभ्या राहिलेल्या वाइस इन्स्टिट्यूट या वृद्धांच्या केंद्राने बोळच काढून टाकला. मधे मोठी मोकळी जागा, भोवती खोल्या. दारात उभे राहिले की जेवणाची जागा समोर. पुढे ओहायोतल्या एका केंद्रात दिसून आले, की शौचकूप नजरेसमोर असेल तर रहिवासी तो जास्त वापरतात.

यवतमाळात याच काळात घर बदलत होते. 1985 मध्ये इंदिरा आवास योजना आली, 2016 मध्ये प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण). किमान 25 चौरस मीटरचे पक्के घर! गळती गेली, दरसाल कवेलू फेरणे गेले; ही सोय लहान नाही. पण एवढ्याशा जागेत सपरी बसवायची कुठे? त्यात 2014 नंतर स्वच्छ भारत मोहिमेतले शौचालय आले, तेही बऱ्याचदा अंगणाच्या टोकाला.

विसराच्या या आजारात, म्हणजे स्मृतिभ्रंशात, ताज्या आठवणी आधी जातात. त्यामुळे चार वर्षांपूर्वीचे घरकुल आजीला परके वाटते आणि पहाटे टमरेल घेऊन ती जुन्या पांदणीची वाट धरते. घरचे म्हणतात, आजी पळून जाते.

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, आणि खेड्यांत तो शहरांपेक्षा जास्त आहे. घरकुले अजून बांधली जात आहेत. तुमच्या घराचा पाया खोदायचा असेल, तर आजीचे अंथरूण कुठे पडणार ते आधी ठरवा. तिथून शौचालयाचे दार दिसू द्या आणि त्यावर रात्रभर बल्ब चालू ठेवा.