इंका संस्कृती

इंका हे पंधराव्या व सोळाव्या शतकांत दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतराजीत विशाल साम्राज्य उभारणारे लोक होत. आजच्या पेरू देशातील कुस्को ही त्यांची राजधानी आणि केचुआ ही राज्यकारभाराची भाषा होती. ‘इंका’ हे मुळात राजाचे बिरुद. पुढे ते सर्व लोकसमूहास लावले गेले. आपल्या राज्यास ते ‘तावांतिन्सुयू’, म्हणजे एकत्र जोडलेले चार प्रांत, असे म्हणत.

इतिहास

इंकांना लिपी नव्हती. हिशेब ‘किपू’ नावाच्या गाठी मारलेल्या दोऱ्यांवर ठेवला जाई आणि राजांच्या कथा मौखिक परंपरेने जपल्या जात. त्यामुळे आरंभीच्या राजांचा इतिहास दंतकथांपासून वेगळा काढणे कठीण आहे. परंपरेनुसार इ.स. १४३८ च्या सुमारास चांका लोकांचे आक्रमण परतवून पाचाकुती गादीवर आला. तो, त्याचा पुत्र तोपा इंका व नातू वायना कापाक यांच्या कारकिर्दींत राज्य आजच्या इक्वेडोरपासून मध्य चिलीपर्यंत पसरले. वाहतुकीसाठी चाक किंवा घोडा नसतानाही त्यांनी ३०,००० किलोमीटरहून अधिक लांबीचे रस्त्यांचे जाळे वापरात ठेवले होते.

धर्म

इंका सूर्यपूजक होते, असे सर्रास लिहिले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. सूर्यदेव इंती हा राजघराण्याचा मूळपुरुष मानला जाई आणि कुस्कोतील कोरिकांचा हे त्याचे प्रमुख मंदिर होते. त्याखेरीज सृष्टिकर्ता विराकोचा, चंद्रदेवता मामा किल्या, मेघगर्जनेचा देव इल्यापा व धरणीमाता पाचामामा यांचीही उपासना होई. डोंगर, झरे, शिळा अशा पवित्र स्थानांस ‘वाका’ म्हणत. क्वचित प्रसंगी बालकांचा बळी दिला जाई. अर्जेंटिनातील यूयायाको पर्वताच्या शिखरावर १९९९ मध्ये अशा तीन बालकांचे गोठलेले देह सापडले.

मृत राजांची पूजा

या धर्माचे सर्वांत वेगळे अंग म्हणजे मृत राजांची पूजा होय. राजाचे शव सुकवून जतन केले जाई आणि मरणानंतरही त्याचा वाडा, जमिनी व सेवक त्याच्याच मालकीचे राहत. ‘पानाका’ हा त्याच्या वंशजांचा गट ही मालमत्ता सांभाळी. सणाच्या दिवशी ही शवे चौकात आणून त्यांच्यासमोर अन्न जाळत आणि मक्याची दारू ठेवत. नव्या राजास अधिकार मिळे, परंतु पूर्वजाची संपत्ती मिळत नसे. नव्या मुलखाची हाव यातूनच वाढली, असे काही अभ्यासक मानतात.

वायना कापाकच्या मृत्यूनंतर वास्कार व आतावाल्पा या भावांत यादवी माजली. मृतांना पुरून त्यांची संपत्ती काढून घेण्याची धमकी वास्कारने दिल्यामुळे अनेक सरदार त्याच्या विरोधात गेले, असे पेद्रो पिझारो हा स्पॅनिश वृत्तांतकार लिहितो. वृत्तांत विजेत्यांच्या बाजूचा आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

साम्राज्याचा अंत

यादवीत आतावाल्पा विजयी होतो न होतो तोच, १६ नोव्हेंबर १५३२ रोजी फ्रान्सिस्को पिझारोने अवघ्या १६८ माणसांनिशी त्यास काहामार्का येथे कैद केले. सोन्याचांदीची प्रचंड खंडणी घेऊनही १५३३ मध्ये त्याचा वध करण्यात आला. विल्काबाम्बा येथे तग धरून राहिलेले शेवटचे इंका राज्य १५७२ मध्ये संपले.

कोरिकांचाच्या भिंतींवर ख्रिस्ती मठ उभा राहिला. बंद पाडलेला इंती रायमी हा सूर्योत्सव कुस्कोत १९४४ पासून पुन्हा साजरा होऊ लागला आणि पाचामामाची पूजा अँडीजमध्ये आजही चालते. राजांच्या शवांना मात्र हे भाग्य लाभले नाही. वंशजांनी ती अनेक वर्षे लपवून ठेवली होती. १५५९ मध्ये पोलो दे ओंदेगार्दो या अधिकाऱ्याने ती शोधून काढली. इंका राजकन्येचा पुत्र असलेला लेखक गार्सिलासो दे ला वेगा याने स्पेनला जाण्यापूर्वी त्यांतील काही पाहिली आणि एका शवाच्या बोटास हात लावला. ते लाकडी पुतळ्याच्या बोटासारखे ताठ होते, असे तो सांगतो. पुढे त्यांतील काही शवे लिमा येथील सान आंद्रेस रुग्णालयात नेण्यात आली. त्यांचे अवशेष अद्याप सापडलेले नाहीत.