सूचीत काय ठेवावे, ग्रंथात काय राहू द्यावे?

१/८ तेराव्या शतकातील पॅरिस. डोमिनिकन संघाच्या सँ-जाक मठातील साधूंचे मुख्य कार्य प्रवचनाचे. एखाद्या शब्दावर बोलायचे, तर तो बायबलमध्ये कुठे कुठे आला आहे हे ठाऊक हवे. त्यासाठी मुख्य आधार होता तो पाठांतराचा. ही अडचण सोडवताना त्या मठाने जो प्रश्न हाताळला, तो आजच्या शोधयंत्रांपुढेही उभा आहे.

२/८ सँ-शेरचे ह्यूग यांच्या मार्गदर्शनाखाली लॅटिन बायबलची शब्दसूची १२४० च्या सुमारास सिद्ध झाली. या कामी ५०० साधू राबले, असे परंपरा सांगते. शब्द वर्णानुक्रमे आणि प्रत्येकापुढे त्याची स्थळे, अशी तिची रचना होती.

३/८ पण स्थळ सांगायचे कसे? अध्याय ठरलेले होते, वचनांना मात्र क्रमांक नव्हते. ते सोळाव्या शतकात रूढ झाले. म्हणून प्रत्येक अध्यायाचे मनोमन ७ भाग कल्पून त्यांना ए ते जी ही अक्षरे दिली. ग्रंथ, अध्याय, अक्षर: एवढाच पत्ता.

४/८ सूचीत वाक्य एकही नव्हते. त्यामुळे ती आटोपशीर राहिली. परंतु नेहमीच्या शब्दापुढे पत्त्यांची रांगच लागे. त्यांतले हवे ते कोणते, हे कळण्यासाठी प्रत्येक वेळी मूळ ग्रंथ उघडावा लागे.

५/८ मग काही इंग्रज साधूंनी, त्यांत स्टॅव्हन्सबीचे रिचर्ड हे एक, प्रत्येक पत्त्यापुढे वचनच उतरवले. सोय झाली, पण सूची प्रचंड फुगली. एकच वचन त्यातील प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाखाली पुन्हा लिहायचे, तेही चर्मपत्रावर, हाताने! शिवाय मूळ पाठात एक दुरुस्ती झाली, की सूचीत ती अनेक ठिकाणी करणे आले.

६/८ शतकाच्या उत्तरार्धात तिसरी सूची आली. तिच्यात पत्ता आणि शब्दाच्या आजूबाजूचे मोजके शब्द होते. हवे ते वचन ओळखता यावे इतकेच. वाचायला मूळ ग्रंथ होताच. हीच पद्धत पुढे रूढ झाली.

७/८ १९९८ मध्ये सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी गूगलच्या रचनेवर शोधनिबंध लिहिला. त्यातही दोन स्वतंत्र कोठारे दिसतात. २ कोटी ४० लाख पानांचा १४७.८ गिगाबाइटांचा मूळ मजकूर ५३.५ गिगाबाइटांत दाबून एकीकडे ठेवलेला. दुसरीकडे कोणता शब्द कोणत्या पानावर, कोणत्या जागी, याची सूची.

८/८ त्या निबंधात एक महत्त्वाची नोंद आहे: मूळ पानांच्या कोठारावरून बाकीच्या सर्व रचना पुन्हा उभारता येतात. सँ-जाकची सूची जळाली असती, तर श्रम वाया गेले असते. पण बायबल हाती असल्यामुळे ती पुन्हा करता आली असती. केवळ त्या पत्त्यांवरून बायबल मात्र कोणालाही पुन्हा लिहिता आले नसते.